मसाला वहिनींचा, नाव नवऱ्याचं

मंडळी, आज सकाळपासून मन कशातच लागत नाहीये.

ऐंशीच्या दशकात मी नेरुळ भागात लोकांचे टॅक्स रिटर्न भरून द्यायचो. शिरवण्यातल्या हिरावहिनी घरीच मसाला करून विकायच्या. नवऱ्याची कंपनी बंद पडली होती, घर त्या मसाल्यावरच चालायचं.

मी विचारलं, "धंदा कोणाच्या नावावर दाखवू?"

"हिच्याच. सगलं तीच करते," नवरा म्हणाला.

वहिनी घाईने म्हणाल्या, "नको भाऊ, यांचंच नाव घाला. बायकोच्या जिवावर खातो म्हनून लोक हसतील यांना."

नवऱ्याने मान खाली घातली. मी खूप समजावलं, पण वहिनी ऐकेनात. शेवटी नवऱ्याचंच नाव लिहिलं.

आज वहिनींच्या नातवाच्या नव्या मसाल्याच्या दुकानाचं उद्घाटन होतं. तो माईकवर म्हणाला, "हा धंदा आमच्या आजोबांनी उभा केला. आजीने घर सांभाळलं."

वहिनी माझ्या शेजारीच बसल्या होत्या. मी बोलायला उठणार, तोच त्यांनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या भाऊ. ते आता नाहीत. गेलेल्या मानसाकडून काय काढून घ्यायचं?"

मी बसून राहिलो. तुम्ही असता तर बोलला असता का?