सापासाठी निखारे

नात सापाच्या पेटीच्या काचेला गाल टेकून बसलेली दिसली. हाक मारली, हलली नाही. खांदा धरला तर कलंडली. ओठ उलटीनं माखले होते. खोलीत धूर नव्हता, म्हणून मला आधी काही कळेना. मग माझंच डोकं गरगरलं आणि निखाऱ्यांची कढई दिसली. ती मीच ठेवली होती.

न्यू जर्सीत त्या हिवाळ्यात बर्फाच्या वादळानं वीज गेली होती. मुलगा-सून रस्ते बंद झाल्यामुळे बाहेर अडकलेले. घरात मी, बारा वर्षांची नात आणि तिनं पाळलेला अजगराच्या जातीचा साप. त्याच्या पेटीखालचा हीटिंग पॅड विजेवर चालायचा.

"गोधडी टाक त्याच्यावर," मी म्हटलं.

"आजी, त्याच्या अंगात स्वतःची हीटच नसते. गोधडी काय करणार? गरम पाण्याच्या बाटल्या ठेवूया, मोज्यात घालून."

"त्या तासाभरात गार होतात. बदलत कोण बसणार?"

"मी."

"तू? शाळेला उठत नाहीस."

ती हसली. गॅस काडीनं पेटत होता, पाणी हवं तेवढं होतं. तिचंच ऐकायला हवं होतं. पण माझ्या तिन्ही बाळंतपणांत खाटेखाली शेगडी होती आणि पोरं धड राहिली होती. मी बार्बेक्यूचे कोळसे गॅसवर फुलवले, लोखंडी कढईत घालून वर तिच्या खोलीत नेले. ती सापाजवळ बसली. ऊब जाऊ नये म्हणून दार मीच ओढून घेतलं आणि खाली भात टाकायला गेले.

आमच्या गावच्या घराला कौलं होती, फटींतून वारा खेळायचा. इथं मुंगीला वाट नाही. धूर आणि कोळशाचा न दिसणारा विषारी वायू ओळखणारा छतावरचा अलार्म माझ्या फोडण्यांनी बोंबलायचा, म्हणून मुलानं तो काढून कपाटात टाकला होता.

मी वरच्या सगळ्या खिडक्या उघडल्या, तिला ओढत जिन्यापाशी आणलं, फ्रिजवर लिहिलेला नंबर फिरवला. बर्फ काढणाऱ्या गाडीमागून आलेल्या अँब्युलन्सनं दोघींना नेलं.

तिसऱ्या दिवशी ती नीट बोलली. "आजी, खिडक्या नंतर कुणी बंद केल्या?"

"कुणीच नाही."

तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

नात वाचली. मी वाचले. साप गारठून मेला.