चौकोनी लेंड्यांची खबर

पोरांनो, आजची खबर ऐका! ऑस्ट्रेलियात वॉम्बॅट नावाचा प्राणी आहे, त्याच्या लेंड्या चौकोनी असतात.

सकाळी मी गोवऱ्या थापत होती आणि नात पिंकी मोबाईलवर हे वाचून दाखवत होती. वाचताना ती अडखळते. वर्गात पोरं हसतात, म्हणून तिथे ती तोंडच उघडत नाही.

आज मध्येच खो खो हसली.

"काऊन हासून राहिली वं?"

"आजी, आपली गाय अशी असती तं तुले थापाच लागलं नसतं!"

"वाच समोर, शहाणे."

तिने शेवटपर्यंत वाचलं. "कुठं चुकलं का, आजी?"

"मले का मालूम? मले कुठं वाचता येते!"

तशी तिने लगेच दुसरी खबर उघडली.

मी अक्षर शिकली नाही, याचं आज पहिल्यांदा बरं वाटलं. पोरांनो, तुम्ही न भिता कोणाला वाचून दाखवता?