नंदूचा सकाळचा फोन

फोनवर नंदूचं नाव दिसलं तेव्हा मी सोसायटीच्या गेटबाहेर आमच्या कुत्र्याच्या, बंड्याच्या मागे वाकून उभा होतो. हॅलोसुद्धा न म्हणता सांगून टाकलं, "पिवळी आहे, घट्ट आहे, काळजी नको." पलीकडून त्याच्या बायकोचा आवाज आला. "भावोजी... हे गेले." त्यावर मी काय बोललो ते आठवत नाही.

नंदू माझा शाळेपासूनचा मित्र, मुलुंडमधला कुत्र्यामांजरांचा डॉक्टर. गुडघे कुरकुरायचे, तरी पेशंटसमोर फरशीवरच फतकल मारून बसायचा. टेबलावर चढवलं की बिचारी घाबरतात म्हणे. गेल्या वर्षी आमच्या बंड्याच्या लघवीत रक्त दिसलं. मूत्राशयात कॅन्सरची गाठ, तीही कापता येणार नाही अशा जागी. मी रडकुंडीला आलो. नंदूनं एक गोळी पुढे केली. "माणसांच्या सांधेदुखीची आहे, जुनीच. काही कुत्र्यांत हिनं गाठ आकसते. सगळ्यांत नाही हं. आणि पोटात आतून रक्त गेलं तर शी डांबरासारखी काळी होते. काळी दिसली की गोळी बंद, आधी मला फोन."

तेव्हापासून आमच्या घराचा जीव त्या एका रंगात अडकला. रोज सकाळी नंदूचा फोन. कसा आहेस नाही, काही नाही. "रंग कसा आहे?" एवढंच. एकदा खरंच काळी दिसली आणि मी लगेच फोन लावला. नंदू स्कूटरवरून धावत आला, काडीनं उकरून बघितलं आणि भडकला. "याला कलेजी कुणी घातली रे? तिनंही काळी होते!" आईनं घातली होती, अशक्त झालाय म्हणून. पुढे सोनोग्राफीत गाठ लहान झालेली दिसली, तेव्हा मी त्याला मिठीच मारली. तो म्हणाला, "बरा झाला म्हणू नकोस. वेळ मिळालाय, बस."

तेराव्यानंतर वहिनींना भेटायला गेलो. त्याच्या टेबलाच्या खणात तीच गोळी निघाली होती. गुडघ्यांसाठी, स्वतःच्या मनानं, चहाबरोबर रिकाम्या पोटी घेत होता. अल्सर फुटला. "किती दिवस काळं होत होतं म्हणे... मला हॉस्पिटलात कळलं," वहिनी म्हणाल्या. "सगळ्या मुलुंडच्या कुत्र्यांची विचारायचे, स्वतःची सांगितली नाही." मला त्याचा इतका राग आला की रडू येईना.

परवा सकाळी बंड्याला फिरवत होतो, तर फोनवर पुन्हा त्याचं नाव. वहिनीच होत्या.

"भावोजी... रंग कसा आहे?"

"पिवळा," मी म्हणालो. "काळजी नको."