कोऱ्या टेपवरची गवळण

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून जाणारा माणूस. आवाज म्हणजे तार, चुंबक आणि वीज, एवढंच मानत आलो. तरी हे लिहितोय... कारण यात माझी एक चूक आहे, आणि ती मी फार काळ दडवली.

नागपुरात माझा छोटा स्टुडिओ आहे. आता सगळं कॉम्प्युटरवर — सूर चुकला तर ओढून जागेवर बसवतो, पुसलेलं एका बटणाने परत येतं. पूर्वी टेपच्या स्पूलची मशीन होती. तापली की तिला एक वास यायचा, तो अजून आठवतो. लाल दिवा लागला की सगळे श्वास आवरून बसायचे. स्पूल महाग, म्हणून जुन्यावरच नवं रेकॉर्डिंग भरायचं.

पेटीवाले दामूभाऊ कार्यक्रमाला काटोलला गेले असताना त्यांच्या बायकोची, सुमनवहिनींची, एक गवळण मी भरून ठेवली. भाऊंना ऐकवायच्या आतच चुकून त्याच स्पूलवर गांधीबागेतल्या एका साडीच्या दुकानाची जाहिरात भरली, आणि मशीन रेकॉर्डवरच सोडून तर्री-पोहे खायला गेलो. परत आलो तर पुढची सगळी टेप कोरी. वर्षभरात वहिनी गेल्या. भाऊंनी गवळण मागितली तेव्हा म्हणालो, "टेपले बुरशी लागली, भाऊ."

गेल्या हिवाळ्यात, भर दुपारी, ते आले. ऐंशीच्या घरात.

"उरलंसुरलं तरी ऐकव गा. आता तं कम्प्युटर हाय तुह्याजवळ."

तीच टेप चढवून जुनी मशीन कॉम्प्युटरला जोडली. दोघांनी हेडफोन लावले. जाहिरात संपली, मग नुसती खरखर, स्क्रीनवर सरळ रेघ. बंद करणार, तर भाऊंची बोटं मांडीवर ठेका धरून होती.

"थांब! गाऊन राहिली ना ते." थोड्या वेळाने हसले. "अन् हे मंधात कोन गुणगुणून राहिलं? अरे, तू! बेसुरा कुठचा!"

मी बटणावरचा हात काढून घेतला. ती गवळण भरताना वहिनी मध्येच पाणी प्यायला बाहेर गेल्या होत्या. टेप चालूच होती, आणि खोलीत मी एकटा गुणगुणलो होतो. हे वहिनींनाही ठाऊक नव्हतं.

"आली, आली... शेवटचं कडवं."

मला राहवेना. त्यांचा हेडफोन बाजूला केला. "भाऊ, बुरशी खोटी होती. मीच पुसलं."

"इतके वर्स काहून नाही सांगतलं?"

त्यांनी हेडफोन परत लावला. कान देऊन बसले.

"आता काहीच नाही येऊन राहिलं. बंद केलं का तू?"

मी कशालाच हात लावला नव्हता.

ती फाईल नंतर हर तऱ्हेने तपासली. खरखरीपलीकडे काही नाही. भाऊंनी काय ऐकलं, मला सांगता येत नाही. एक कडवं थांबलो असतो तर...? ती गवळण मी एकदा पुसली की दोनदा, तेही अजून ठरत नाही.