उडीआधी फरशी तपासणाऱ्या देगलूरकर बाई

आदरणीय वसुधा देगलूरकर बाईंना मी पहिल्यांदा पाहिले ते बरकतपुऱ्यातील आमच्या मराठी शाळेच्या मैदानावर. मी आठवीत होते, त्या खेळाच्या शिक्षिका. पहिल्याच तासाला त्यांनी आम्हां मुलींना वाळूत, सिमेंटवर आणि मातीत एकेक उडी मारायला लावली. वाळूत जोर जिरून गेला, सिमेंटवर गुडघ्यांना हादरा बसला. मातीने मात्र पाय धरला. बाई म्हणाल्या, "आपण जमिनीला मागं ढकलतो, म्हणून पुढं जातो. तिनं पाय धरला नाही, तर सगळा जोर फुकट."

त्याच वर्षी शाळेत ग्रॅनाइटचे चकचकीत सभागृह झाले. स्नेहसंमेलनाच्या कसरती तिथेच व्हाव्यात आणि फरशीवर ओरखडे नकोत म्हणून मुलींनी बूट घालू नयेत, असा कार्यालयाचा आग्रह होता. आम्ही मोज्यांवर सराव सुरू केला. लाकडी घोड्यावरून उडी घ्यायला मी धावत आले, जोर दिला आणि पाय मागच्या मागे सटकला. घोटा मोडला.

संध्याकाळी बाई मलकपेठेत आमच्या घरी आल्या. वडील संतापलेले. बाईंनी कसलीही सबब सांगितली नाही. "चूक तुमच्या मुलीची नाही. मोज्यांवर धावणं धोक्याचं आहे हे मला कळत होतं, तरी मी गप्प बसले."

वडील एवढेच म्हणाले, "आता हिला उड्या-बिड्या नक्को."

अपघाताच्या अहवालात 'विद्यार्थिनीचे लक्ष नव्हते' असे लिहावे, असे बाईंना सुचवण्यात आले. त्यांनी स्वतःची चूक लिहून खाली सही केली. त्यांची नोकरी तेव्हा कायम झालेली नव्हती, हे मला फार उशिरा कळले.

प्लास्टर निघाले, भीती निघेना. ओली मोरी दिसली तरी मी भिंत धरायची. बाई शाळा सुटल्यावर रोज घरी येत. आधी अंगणातल्या मातीवर अनवाणी चालणे, मग खरबरीत शहाबादी फरशीवर. "पायाला विचार, धरतंय का? धरत असेल तरच पुढचं पाऊल." महिनाभर तेवढेच. एके दिवशी वडील दुकानातून लवकर परतले आणि मला वीतभर उडी मारताना त्यांनी पाहिले. मी थबकले. ते पायरीवर बसले.

"मार की अजून एक. बघतो मी."

पुढच्या वर्षी बाईंनी सभागृहाला साफ नकार दिला आणि कसरती मैदानावर झाल्या. मी घोड्यावरून पलीकडे उतरले. सगळे टाळ्या वाजवत होते. बाई माझ्या घोट्याकडे बघत होत्या.

त्यानंतर कुठल्याही नव्या जागी मुलींच्या आधी त्या स्वतः उडी मारून पाहत. एका स्पर्धेत पदर खोचून परीक्षकांसमोरच त्यांनी उडी मारली आणि सांगितले, "दमट आहे, पुसून घ्या." अर्धा तास स्पर्धा थांबली. परीक्षक घड्याळ बघत राहिले, बाई फरशी.

आज मी कुकटपल्लीत फिजिओथेरपिस्ट आहे आणि बाईंचे गुडघे माझ्याकडे उपचाराला असतात. सांगितलेल्या व्यायामापैकी निम्माच करून त्या "सगळा केला गं" म्हणतात. माझ्या माहितीत त्या बोलतात ते एवढेच खोटे. बाई, तुमच्या पंचाहत्तरीच्या या वळणावर देवाकडे इतकेच मागते, की त्या खोट्याबद्दल तुम्हांला रागावायची संधी मला आणखी पुष्कळ वर्षे मिळो.