सोसायटीचं नाक

"पुन्हा हुंग."

"हुंगलं."

"हुंगलं नाहीस, ग्लासात नुसतं तोंड घातलंस. नीट हुंग, आमेदे."

"अगं बाई, या नाकावर आयुष्यभर पोट भरलंय मी. आता तू मला हुंगायला शिकवणार?"

"डिंकाचा वास येतोय त्याला. चांभाराच्या दुकानातल्यासारखा."

"नवी वाइन आहे, थोडे दिवस उग्र राहणारच. तान्ह्या पोराला नाही येत दुधाच्या गुळणीचा वास?"

"म्हणजे तुला वास येतोय?"

"आं?"

"डिंकाचा येतोय की दुधाचा? काहीतरी एक सांग."

आमेदेने ग्लास टेबलावर आपटला. "सातवी टाकी उद्या मोठ्या टाकीत जाणार. विषय संपला. तू तुझा रस्सा बघ, करपतोय तो."

रस्सा करपत नव्हता. शेगडी त्याच्या बायकोने, रोझीनने, केव्हाच बंद केली होती.

बाहेर सेर्स वारा सुटला होता. तो एकदा डोंगरावरून उतरला की गावाच्या खिडक्यांची फळकुटं दिवसरात्र थडथडत राहतात आणि माणसं उगाच एकमेकांवर खेकसतात. पण आमेदे बुस्के खेकसत होता तो वाऱ्यामुळे नव्हे, हे रोझीनला आज कळून चुकलं.

गावाच्या वाइन सोसायटीच्या तळघराचा तो वस्ताद. गावातल्या झाडून सगळ्या घरांची द्राक्षं एकाच दारातून आत जायची. कुणाची दगडी चढावरची, कुणाची ओढ्याकाठची, रोझीनच्या भावाची कबरस्तानामागची. आत गेली की कुणाची कुणाला राहायची नाहीत. वेगवेगळ्या टाक्यांमध्ये वाइन तयार व्हायची आणि हिवाळ्यात वस्ताद सांगेल त्या टाक्या एका मोठ्या टाकीत मिसळायच्या. तीच गावाची लाल वाइन. लेबलावर किल्ल्याचं चित्र नाही की कुणा सरदाराचं नाव नाही. माणसं प्लास्टिकचे कॅन घेऊन दाराशी येणार, पेट्रोल भरावं तशी नळीने भरून घेणार आणि संध्याकाळी जेवणाबरोबर पिणार. गवंडीही तीच पिणार आणि डॉक्टरही तीच.

"आपली वाइन पावासारखी आहे," आमेदे म्हणायचा. "पाव खाताना कुणी भाषण करतं का? चार घास जास्त गेले, झालं काम."

मोठ्या टाकीत काय जाणार हे ठरवायचं त्याचं नाक. तरुणपणी रोझीनला मागणी घालायला आला तेव्हा स्वतःचं नाव सांगायच्या आधी तिच्या आईला म्हणाला होता, "मावशी, तुमचं मागचं पिंप गळतंय." आणि गळत होतं! एकदा एका सभासदाने चांगल्या घडांखाली कुजके घड दडवले होते, तर ट्रॉली वळणावर असतानाच याने ओरडून ती परत पाठवली. शेजारच्या गावची सोसायटी बुडाली. तिच्या रिकाम्या टाक्यांमध्ये आता कबुतरं घुमतात. येता-जाता ती टाक्यांची रांग बघून लोक म्हणायचे, आपल्याकडे आमेदेचं नाक आहे म्हणून आपण आहोत.

यंदा तोडणीच्या दिवसांत तो तळघराच्या जिन्यावरून घसरला. पायरीवर डोक्याची मागची बाजू आपटली. "द्राक्षाची सालं होती पायाखाली," एवढंच बोलला आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेला.

त्यानंतर रोझीनला बारीकसारीक गोष्टी खटकायला लागल्या. बेसिनखाली उंदीर मरून पडला होता. तिला ओकारी येत होती आणि हा तिथेच उभा राहून शीळ घालत दाढी करत होता. मग एक दिवस ती बाजारातून आली, तर सगळं घर गॅसच्या वासाने भरलेलं. बटण उघडं, ज्योत विझलेली आणि आमेदे खुर्चीत बसून पाइपमध्ये तंबाखू ठासत होता. काडेपेटी हातात. तिने झडप घालून ती हिसकावली, तेव्हा तो म्हणाला, "वेडी झालीस का?"

नार्बोन शहरातून वाइन तपासणाऱ्या प्रयोगशाळेचा माणूस दर आठवड्याला नमुने न्यायला यायचा. यंदा आमेदेने त्याला कळवलं होतं, मिसळणी झाल्यावर ये.

हे तिला आज दुपारी पाववाल्या बाईकडून कळलं.

मिसळणीच्या आदल्या संध्याकाळी चेअरमनने वस्तादाच्या घरी जेवायचं, अशी गावाची रीत. टाक्यांचे नमुने बिननावाच्या सुरयांमधून यायचे. टेबलाकडे पाठ करून ग्लास भरायचे घरच्या बाईने, म्हणजे कुठली वाइन कुठल्या टाकीची हे तिला एकटीलाच ठाऊक. वस्तादाने जेवता जेवता प्यायची आणि एकेका टाकीला हो किंवा नाही म्हणायचं.

चेअरमन काझाल आला तोच हात चोळत. "काय वारा आहे! रोझीन, रानडुक्कर शिजवलंस ना? वास पार चौकापर्यंत येतोय."

"ये, बस. याला विचार कसा येतोय वास," रोझीन म्हणाली.

आमेदेने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याने पाव मोडला.

पहिला ग्लास आला. आमेदेने तो दिव्यासमोर धरला, फिरवला, नाकाशी नेला, रश्श्याचा घास घेतला आणि मग प्यायला. "तिसरी टाकी. चढावरची द्राक्षं. ऊन भरलंय हिच्यात. घ्या."

"वा!" काझाल म्हणाला. तो वाइनमध्ये निम्मं पाणी घालायचा, त्यामुळे त्याला सगळंच वा असायचं.

दुसरा ग्लास. आमेदेने डोळे मिटले. "पाचवी. ओढ्याकाठची. जरा पातळ आहे पोरगी, पण स्वभावाने गोड. घ्या."

रोझीनने तिसरा ग्लास भरून त्याच्यासमोर ठेवला. देवा, हिला तरी नाही म्हणू दे, तिने मनात म्हटलं. काहीतरी चुकतंय एवढं तरी म्हणू दे.

आमेदे बराच वेळ हुंगत राहिला. चेहरा तोच, जुना, तल्लीन. "आणि ही सातवी. उग्र आहे, मान्य. काहींना नाही सोसत." त्याने रोझीनला डोळा घातला. "पण हिच्यामुळेच यंदाच्या वाइनला कणा येणार. घ्या."

"खरं सांगू?" काझाल हसत म्हणाला. "मला तर तिन्ही सारख्याच लागल्या!"

"म्हणून तर तू चेअरमन झालास आणि मी तळघरात राहिलो!"

दोघं खदखदून हसले. काझालला ठसका लागला. रोझीनही हसली, कारण न हसणं दिसलं असतं.

दारात टोपी घट्ट करताना काझालने आमेदेच्या खांद्यावर हात ठेवला. "सकाळी मिसळणीचा पंप सुरू करू. यंदा वाइन बिघडली, तर आपणही कबुतरं पाळायला मोकळे, बाबा! पण तू आहेस."

दार लागलं. आमेदे परत येऊन बसला आणि पावाच्या तुकड्याने ताटातला रस्सा पुसायला लागला. रोझीनने बेसिनखाली वाकून दोन सुरया काढल्या आणि त्याच्यासमोर ठेवल्या. दोन्ही काठोकाठ भरलेल्या.

"ही पाचवी," ती म्हणाली. "आणि ही सातवी. टेबलावर आल्याच नाहीत."

त्याचा हात थांबला.

"तिन्ही वेळा मी तिसरीच ओतली, आमेदे. एकाच सुरईतली."

वाऱ्याने खिडकी धडाधड वाजवली. तो सातवीच्या सुरईकडे बघत राहिला. मग त्याने ती उचलली, नाकाशी नेली आणि खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. रोझीनला टेबलापलीकडे बसून डिंकाचा तो वास झोंबत होता.

"कधीपासून?" तिने हळूच विचारलं. "पडलास तेव्हापासून ना?"

"वास येतो परत," तो सुरईत बघत म्हणाला. "कधी कधी... परवा कॉफीचा आला होता. थोडासा. येईल परत."

"आणि तोवर? माझ्या भावाची द्राक्षं आहेत तिच्यात. सगळ्या गावाची आहेत बाकीच्या टाक्यांत. तूच म्हणतोस ना, एकदा मिसळलेली वाइन कुठल्याच वस्तादाला वेगळी काढता येत नाही? वसंतात लोक कॅन घेऊन येतील आणि वाइनऐवजी आंबट सिरका भरून नेतील."

"आणि काझालला काय सांगू? की माझ्या चेहऱ्यावर हे जे आहे, ते नुसतं चष्मा टेकवायला आहे?"

"काहीही सांग. सातवी नको एवढं सांग. मी आजारी आहे म्हण. सकाळी पंपाच्या आधी तू सांग, नाहीतर मी जाते त्याच्याकडे."

"तू जाशील?"

"जाईन."

आमेदेने रुमालाने तोंड पुसलं, रुमालाची नेहमीसारखी घडी घातली आणि उठला. दाराशेजारच्या खिळ्यावर दोन किल्ल्या होत्या, एक घराची, एक पंपघराची. त्याने पंपघराची काढली.

"किल्ली कशाला?" रोझीन उभी राहिली. "पंप सकाळी चालू करायचाय. आमेदे, मी काझालकडे जायच्या आत मिसळून टाकणार आहेस का?"

त्याने दार उघडलं. वारा आत घुसला आणि टेबलावरचा घडी घातलेला रुमाल उडून जमिनीवर पडला. कोट खुंटीवरच राहिला. किल्ली मुठीत धरून तो तळघराच्या दिशेने चालू लागला.