देव नसलेलं लॉन

लग्नात एकही देव नको, या हट्टापायी देव नसलेलं लॉन शोधता शोधता मी आमच्या लग्नाची तारीख जवळजवळ घालवली.

शेवटी हिंगणा रोडवरचं एक लॉन उरलं. तिथला मॅनेजर बोलता बोलता एकेका खुर्चीवर बसून ती डुगडुगते का ते पाहायचा, आणि काहीही विचारा, "होऊन जाते ना भाऊ," म्हणायचा. त्याच्या या थंडपणानं माझा जीव आणखीच वरखाली व्हायचा.

लॉन ठरवायला गेलो त्या दिवशी होणारी बायकोही सोबत होती. मी गेटवरच्या गणपतीकडे बोट दाखवलं. मॅनेजरनं निमूटपणे कुंड्या ओढून त्याच्यापुढे लावल्या. मग मला स्टेजवरचा ॐ दिसला. त्यानं त्यावर पडदा सोडला. मग पाण्याच्या टाकीजवळची देवाची तसबीर दिसली.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "दुसरी पार्टी हेच तारीख मागून राहिली," म्हणत त्यानं तो कापला आणि तसबीर भिंतीकडे फिरवली.

"आता तरी हो म्हण ना रे!" ती कळवळून म्हणाली.

मी अजून इकडेतिकडे बघतच होतो. मॅनेजर समोरच्या खुर्चीवर टेकला.

"भाऊ, इथं लोक सत्यनारायण कराले येतेत, पण देवाले इतकं कोणीच शोधत नाही."